डॉ. कोटणीस : सोलापूरने जोडलेले नाते

दोन देशांतील दोन शहरे परस्परांशी मैत्रीचा करार करतात, तेव्हा त्यांना 'भगिनी शहरे' म्हणतात. मुंबई आणि जर्मनीतील स्टुटगार्ट यांचे असे नाते १९६८ साली जुळले. करार महापालिका करतात. त्यात प्राण ओततात ती मात्र सामान्य माणसे. याचे उदाहरण पाहण्यास माढेकरांना दूर जावयास नको, ते आपल्याच जिल्ह्यात आहे.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १९१० साली सोलापुरात झाला. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीस १९३८ साली भारतातून पाच डॉक्टरांचे पथक गेले, त्यात ते होते. भारत तेव्हा पारतंत्र्यात होता. हे पथक सरकारने नव्हे, तर राष्ट्रीय काँग्रेसने पाठविले. पथकातील बाकीचे चौघे पुढे मायदेशी परतले. कोटणीस मात्र तेथेच राहिले, चिनी भाषा शिकले आणि बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले. तेथील परिचारिका गुओ चिंगलान यांच्याशी त्यांनी विवाह केला. मुलाचे नाव ठेवले 'इन्हुआ' : 'इन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

पुढे १९६२ साली या दोन देशांत युद्ध झाले. सीमेचा वाद अद्याप मिटलेला नाही. तरीही चीनमधील शिजियाझुआंग येथे आणि सोलापुरातही त्यांचे स्मारक आहे. सरकारांचे संबंध बिघडतात, सुधारतात. परक्याच्या जखमेवर बांधलेली पट्टी मात्र लोक विसरत नाहीत. शहरांच्या मैत्रीचा खरा पाया हाच होय.