फ्योर्डमधील विजेची फेरीबोट

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्राचे लांब, खोल फाटे डोंगरांच्या पोटात दूरवर शिरलेले असून त्यांना तेथे फ्योर्ड म्हणतात. जेथे पूल बांधणे अवघड, तेथे मोटारींसह माणसांना पैलतीरी नेणारी फेरीबोट हाच रस्त्याचा पुढचा तुकडा ठरतो. डिझेलवर दिवसभर ये-जा करणाऱ्या या बोटींचे कार्बन उत्सर्जन, म्हणजे धुरावाटे हवेत मिसळणारा कार्बन डायऑक्साइड, दुर्लक्ष करण्याजोगे नव्हते. तेव्हा सरकारने फेरीमार्गाचे कंत्राट देतानाच कमी प्रदूषणाचा आग्रह धरला आणि त्यातून २०१५ मध्ये सोग्नेफ्योर्डवरील लाविक ते ओपेदाल या मार्गावर ‘अँपियर’ ही केवळ बॅटरीवर चालणारी, १२० मोटारी नेणारी बोट रुजू झाली.

खरी अडचण बोटीत नव्हती, काठावर होती. सुमारे २० मिनिटांच्या फेरीनंतर धक्क्यावर मिळणाऱ्या जेमतेम १० मिनिटांत बॅटरी भरायची, तर एकदम मोठा वीजपुरवठा हवा, आणि लहान गावाच्या वीजवाहिनीला तो भार पेलणारा नव्हता. म्हणून दोन्ही धक्क्यांवर स्वतंत्र बॅटऱ्या बसवण्यात आल्या. त्या सावकाश वीज साठवतात आणि बोट लागताच ती झपाट्याने तिला देतात. नॉर्वेची बहुतेक वीज जलविद्युत असल्यामुळे उत्सर्जन बोटीवरून वीजकेंद्रावर ढकलले जात नाही, आणि या प्रयोगाचे मोल मुख्यतः यातच आहे.

युरोपीय संघाने २०२४ पासून मोठ्या जहाजांना उत्सर्जनाचे परवाने विकत घेणे बंधनकारक केले, पण ‘अँपियर’ त्याच्या नऊ वर्षे आधीच धावू लागली होती.