टॉवर नेमका मंजूर कोण करतं? मावळ-लोणावळ्यातील उंच इमारती : गैरसमज आणि वस्तुस्थिती

तळेगावच्या स्टेशन भागात, सोमाटणे फाट्यावर, कामशेतच्या पट्ट्यात किंवा लोणावळ्याच्या वेशीवर एखाद्या उंच इमारतीचा पाया खणायला लागला, की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. ‘नगरसेवकांनी सभेत पास केलं असणार’ हे पहिलं, आणि ‘आता काही करता येत नाही’ हे दुसरं. पहिल्यामुळे राग चुकीच्या दारात जातो, दुसऱ्यामुळे माणूस घरीच बसतो. मावळ हा धरणांचा, इंद्रायणीच्या उगमाचा, घाटमाथ्याच्या पावसाचा मुलूख आहे. इथली एक चुकीची इमारत तिच्या कुंपणापुरती राहत नाही. ती ओढ्यावर, रस्त्यावर आणि गावाच्या पाण्यावर भार टाकते. म्हणून परवानगीची वाट कशी जाते, हे शेजाऱ्याला, शेतकऱ्याला आणि फ्लॅट घेणाऱ्याला, तिघांनाही ठाऊक असायला हवं.

गैरसमज १ : नगरपरिषदेच्या सभेत हात वर होतात आणि इमारत मंजूर होते.

वस्तुस्थिती : अमेरिकेतल्या अनेक शहरांत मोठ्या प्रकल्पावर नगरसभेत उघड सुनावणी आणि मतदान होतं. आपल्याकडे तशी पद्धत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४४ खाली बांधकामाचा अर्ज होतो आणि कलम ४५ खाली त्यावर निर्णय होतो. हे अधिकार कोणी वापरायचे, ते कलम १५२ मध्ये नेमून दिलेलं आहे : महापालिकेत आयुक्तांनी, नगरपरिषदेत मुख्याधिकाऱ्यांनी. नगररचना विभाग नकाशा नियमांशी ताडून पाहतो आणि मुख्याधिकारी सही करतात. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांपूर्वी नगरपरिषदांचा कारभार बराच काळ प्रशासकांकडे होता. सभागृहात निवडून आलेला एकही सदस्य नव्हता, तरी बांधकाम परवान्यांचं काम चालू राहिलं, ते याच तरतुदीमुळे.

मग नगरसेवकांचं काम काय? सभागृहाचं खरं वजन त्याच्या आधीच्या पायरीवर असतं. शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करणं, त्यात पुढे कलम ३७ खाली फेरबदल सुचवणं, आरक्षणांच्या जागा ताब्यात घेण्यासाठी अंदाजपत्रकात पैसे धरणं, हे विषय सभेपुढे येतात. कुठली जमीन रहिवासी, कुठली हरित, कुठला रस्ता किती रुंद, हे तिथे ठरतं. म्हणून मंजूर झालेल्या टॉवरबद्दल नगरसेवकाला जाब विचारण्यापेक्षा आराखड्यातल्या फेरबदलाच्या ठरावाबद्दल विचारलेला प्रश्न जास्त नेमका ठरतो.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. १९६५ च्या नगरपरिषद कायद्यातल्या कलम ४४ नुसार नगरसेवकाने स्वतः बेकायदा बांधकाम केलं, अशा बांधकामाला मदत केली किंवा त्यावरच्या कारवाईत अडथळा आणला, तर त्याचं सदस्यत्वच जाऊ शकतं.

गैरसमज २ : लोणावळा आणि मावळ, दोन्हीकडे नियम एकच.

वस्तुस्थिती : डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू केली. राज्यातल्या बहुतेक शहरांचे वेगवेगळे नियम जाऊन एकच पुस्तक आलं. पण त्या नियमावलीतून ज्यांना वगळलं, त्यांत मुंबई, एमआयडीसी, गिरिस्थान नगरपरिषदा यांच्याबरोबर लोणावळा नगरपरिषदेचा थेट नावाने उल्लेख होता. तळेगाव दाभाडे आणि मावळचा ग्रामीण भाग मात्र त्या नियमावलीखाली आले.

याचा अर्थ फार मोठा आहे. तुंगार्ली, वलवण, भांगरवाडी किंवा खंडाळा हे नगरपरिषदेच्या हद्दीत. कुसगाव, वरसोली, कार्ला ही गावं हद्दीबाहेर. जाहिरातीत सगळंच ‘लोणावळा’ असतं, पण हद्दीची रेष ओलांडली की परवानगी देणारं कार्यालयही बदलतं आणि नियमांचं पुस्तकही बदलतं. हद्दीबाहेरच्या गावांसाठी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे पीएमआरडीए, हे नियोजन प्राधिकरण आहे. ते मार्च २०१५ मध्ये स्थापन झालं आणि मुख्यमंत्री त्याचे अध्यक्ष असतात. तेव्हा ‘शेजारच्या प्रकल्पाला एवढे मजले मिळाले, मग याला का नाहीत’ असं विचारण्याआधी दोन्ही भूखंड कोणत्या हद्दीत आहेत ते पाहावं.

गैरसमज ३ : लोणावळा महाबळेश्वरसारखं संरक्षित आहे; इथे टॉवर होऊच शकत नाही.

वस्तुस्थिती : महाबळेश्वर-पाचगणीला २००१ साली आणि माथेरानला २००३ साली केंद्र सरकारने स्वतंत्र अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरवलं. लोणावळ्याच्या नावाने अशी स्वतंत्र अधिसूचना निघालेली नाही. शहराला जे काही संरक्षण आहे ते त्याच्या विकास आराखड्यातून आणि स्वतःच्या बांधकाम नियमांतून येतं.

पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा विषय याहून निराळा आहे. कस्तुरीरंगन समितीच्या अहवालानंतर २०१४ पासून केंद्राने त्याचे मसुदे पुन्हा पुन्हा काढले. ३१ जुलै २०२४ रोजीही एक निघाला. त्यांत मावळातल्या गावांचा समावेश आहे. या मसुद्यांप्रमाणे संवेदनशील गावांत २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या नव्या बांधकामाला मनाई येते. त्याहून लहान घरांना मसुदा आडवा येत नाही. ‘गावात वीटही लावता येणार नाही’ ही भीती आणि ‘आपल्याला काही लागू नाही’ ही बेफिकिरी, दोन्ही खोट्या आहेत. आपलं गाव यादीत आहे का, ते तपासावं.

गैरसमज ४ : ग्रामपंचायतीचा दाखला आहे, जमीन एनए आहे, म्हणजे बांधकामाला मोकळीक.

वस्तुस्थिती : एनए म्हणजे जमीन शेतीखेरीज दुसऱ्या कामासाठी वापरायची मुभा. बांधकाम परवानगी म्हणजे त्या जमिनीवर अमुक नकाशाप्रमाणे, अमुक उंचीची इमारत बांधायची मुभा. पहिली असली म्हणून दुसरी मिळाली असं होत नाही. पीएमआरडीएच्या हद्दीत सदनिकांच्या इमारतीचा नकाशा मंजूर करायचा अधिकार प्राधिकरणाला आहे. सरपंचाची सही असलेला ना-हरकत दाखला त्याची जागा घेऊ शकत नाही. पवनानगरच्या बाजूला किंवा कार्ला-मळवलीच्या परिसरात सेकंड होम घेणारे अनेकजण इथेच फसतात. सातबारा पाहतात, एनएचा आदेश पाहतात, पण मंजूर नकाशा आणि बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र मागतच नाहीत.

गैरसमज ५ : पैसे भरले की हवे तेवढे मजले मिळतात.

वस्तुस्थिती : मजल्यांचा हिशेब चटई क्षेत्र निर्देशांकावर, म्हणजे एफएसआयवर चालतो. एकत्रीकृत नियमावलीत दाट वस्तीबाहेरच्या भूखंडाला मूळ निर्देशांक १.१० आहे. १,००० चौरस मीटरच्या भूखंडावर १,१०० चौरस मीटर बांधकाम, हा त्याचा पाया. त्यावर शुल्क भरून, म्हणजे प्रीमियमने, वाढीव क्षेत्र घेता येतं आणि हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, विकत घेऊन आणखी चढवता येतं. पण किती चढवायचं ते समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून असतं. ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर ही वाढ मिळत नाही. याखेरीज जिना, बाल्कनी, लिफ्ट अशा पूरक क्षेत्रासाठी निवासी इमारतीला ६० टक्क्यांपर्यंत जादा क्षेत्र शुल्क भरून मिळतं. १.१० चा आकडा ऐकून मनात बसवलेली इमारत प्रत्यक्षात मोठी दिसते, ती या सगळ्या बेरजेमुळे.

यातून निघणारी गोष्ट अशी, की आपल्या गल्लीचं भवितव्य इमारतीच्या अर्जाच्या आधीच रस्त्याच्या रेषेत लिहिलेलं असतं. आराखड्यात ९ मीटरचा रस्ता १५ मीटरचा दाखवला, तर रुंदीकरणात जाणाऱ्या ओट्याची चर्चा होते. त्या रुंदीबरोबर दोन्ही बाजूंच्या भूखंडांना उंच व्हायची वाट मिळते, याची चर्चा होत नाही. ती व्हायला हवी.

पैसे भरूनही न मिळणाऱ्या गोष्टी आहेतच. १:५ किंवा त्याहून तीव्र उताराच्या जमिनीवर या नियमावलीत बांधकाम, डोंगर कापणं, भराव टाकणं यांना मनाई आहे. देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवतीचा रेड झोन, म्हणजे बांधकामाला मनाई असलेला पट्टा, आहे. लोणावळ्यात आयएनएस शिवाजी हे नौदलाचं केंद्र आहे आणि संरक्षण आस्थापनांच्या लगत बांधकामाला त्यांची ना-हरकत लागू शकते. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस झेलणाऱ्या घाटमाथ्यावर उतार आणि ओढे यांचे नियम माणसांचे जीव राखण्यासाठी आहेत.

गैरसमज ६ : मोठ्या प्रकल्पाला जनसुनावणी घ्यावीच लागते.

वस्तुस्थिती : २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते. पण त्याच अधिसूचनेने इमारत प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट दिली आहे. खाणीसाठी किंवा कारखान्यासाठी मांडव घालून सुनावणी होते, टॉवरसाठी होत नाही. प्रकल्पाच्या पाण्याचं आणि सांडपाण्याचं गणित कागदावरच तपासलं जातं.

मावळाला पाण्याचा प्रश्न किती जिव्हारी लागतो हे वेगळं सांगायला नको. पवनेचं पाणी बंद जलवाहिनीने पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या विरोधात ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ आंदोलन झालं, पोलिसांच्या गोळीबारात तिघांचे प्राण गेले. अशा तालुक्यात नव्या शेकडो सदनिकांचं पाणी कुठून येणार, हा प्रश्न सुनावणी नसली तरी विचारायचाच असतो. मंजुरीच्या अटी सार्वजनिक असतात. त्या वाचून विचारलेला प्रश्न टाळणं कार्यालयाला जड जातं.

गैरसमज ७ : साठ दिवसांत उत्तर आलं नाही, म्हणजे परवानगी मिळाली.

वस्तुस्थिती : कायद्यात ६० दिवसांनंतर परवानगी गृहीत धरायची तरतूद आहे, पण नकाशा नियमांना धरून असेल तरच. नियमबाह्य नकाशाला मुदत उलटल्याने कायदेशीरपणा येत नाही. शिवाय परवानगीची मुदत एक वर्षाची असते. ती वर्षावर्षाने, एकूण मर्यादेतच, वाढवून घ्यावी लागते.

गैरसमज ८ : घरपट्टी लागली, रेरा क्रमांक मिळाला, म्हणजे इमारत अधिकृत.

वस्तुस्थिती : घरपट्टी हा कर आहे. अनधिकृत बांधकामावरही तो लागतो, उलट नगरपरिषद कायद्यात त्यावर दुप्पट शास्तीची तरतूद आहे. शास्ती भरल्याने बांधकाम नियमित होत नाही.

रेराचंही तसंच. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरचा आणि आठपेक्षा जास्त सदनिकांचा प्रकल्प महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, नोंदवावा लागतो. महारेरा नकाशा मंजूर करत नाही. खरेदीदाराचा पैसा आणि हक्क सांभाळतो. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावी लागते, नोंदणीकृत करारनाम्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, आणि दोन-तृतीयांश सदनिकाधारकांच्या लेखी संमतीशिवाय मंजूर नकाशा बदलता येत नाही. ही कलमं तोंडपाठ असावीत.

राहायला जायचा खरा दाखला एकच, भोगवटा प्रमाणपत्र. उंच इमारतीत आग विझवण्याची यंत्रणा तपासूनच ते द्यायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात बजावलं आहे, की बांधकाम चालू असताना मंजूर नकाशा जागेवर लावलेला असला पाहिजे आणि वीज-पाण्याची जोडणी पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला पाहूनच द्यायची.

गैरसमज ९ : आता काही करता येत नाही.

वस्तुस्थिती : करता येतं, मात्र योग्य वेळी आणि लेखी. आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी ३० दिवस मिळतात, आणि हरकत नोंदवणाऱ्याला नियोजन समितीपुढे सुनावणी मिळते. याला अर्थ नसतो असं म्हणणाऱ्यांनी पीएमआरडीएच्या आराखड्याकडे पाहावं. ऑगस्ट २०२१ मध्ये मसुदा आला, त्यावर हजारो हरकती दाखल झाल्या आणि २०२५ मध्ये शासनाने तो मसुदाच रद्द केला. नवा आराखडा येईल तेव्हा ते ३० दिवस पुन्हा येतील. गावाने त्याआधीच आपला नकाशा काढून ठेवावा : ओढे कुठे, गायरान कुठे, पाणंद रस्ते कुठे, उतार कुठे.

काम सुरू झालं असेल तर माहिती अधिकारात मंजूर नकाशा, प्रारंभ प्रमाणपत्र आणि अटी मागाव्यात, शक्य तिथे फाइल प्रत्यक्ष पाहावी. चुकीची माहिती देऊन घेतलेली परवानगी रद्द करण्याचा आणि विनापरवाना बांधकाम पाडण्याची नोटीस काढण्याचा अधिकार कायद्याने त्याच प्राधिकरणाला दिला आहे. तक्रारीत सर्व्हे क्रमांक, परवानगीचा क्रमांक आणि मोडलेली अट लिहा. ‘फार उंच आहे’ एवढ्यावर अधिकारी हात झटकू शकतो. ‘मंजूर नकाशात सात मजले आहेत, जागेवर नववा स्लॅब पडला आहे’ या वाक्याला त्याला उत्तर द्यावंच लागतं.

मावळात घरं व्हायला हवीत. इथे कामाला येणाऱ्या माणसाला परवडणारं छप्पर मिळायला हवं, आणि जमीन देणाऱ्या शेतकऱ्याला तिचा रास्त मोबदला. पण किती उंच, कुठे आणि कोणाच्या पाण्यावर, हे ठरवण्यात इथल्या लोकांचा वाटा असला पाहिजे. कायद्याने तो दिलेला आहे. पुढच्या वेळी आराखड्याची नोटीस कार्यालयाच्या फलकावर लागेल, तेव्हा पहिल्याच आठवड्यात आपली हरकत लिहून द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.