सहा वर्षांची राजधानी

परदेशची राजधानी पाहावयास जाणारा प्रवासी बहुधा एक टिपण बरोबर नेतो. त्यांत राजवाडे, देवालयें, पुतळे व चित्रशाळा यांचीं नांवें लिहिलेलीं असतात, आणि एकेका नांवावर खूण करीत तो पुढें जातो. घरीं परतल्यावर काय पाहिलें असें कोणीं विचारलें, तर तो तें टिपणच वाचून दाखवितो. असें पाहणें अगदींच निरुपयोगी आहे असें नव्हे; पण एवढ्यानें शहराची ओळख होत नाहीं. परक्या माणसाशीं शहर कसें वागलें, हें कळलें म्हणजे त्याची खरी ओळख पटते. ही गोष्ट ध्यानांत यावी म्हणून इटलींतील फ्लॉरेन्स शहराची हकीकत विद्यार्थिमित्रांपुढें मांडीत आहें. हें शहर अवघीं सहा वर्षें एका राज्याची राजधानी होतें; आणि त्याच काळांत आपल्या शेजारच्या कोल्हापूरचे एक तरुण छत्रपति तेथें पाहुणे म्हणून गेले होते.

इ. स. १८६१ मध्यें इटलींतील बहुतेक लहानमोठीं राज्यें एक होऊन इटलीचें राज्य स्थापन झालें. त्याची पहिली राजधानी उत्तरेकडील तुरिन ही होती. रोम ही राजधानी व्हावी अशी लोकांची इच्छा होती. परंतु रोमवर पोपची सत्ता होती व तिच्या रक्षणास फ्रान्सचें सैन्य होतें. इ. स. १८६४ मध्यें इटली व फ्रान्स यांच्यामध्यें करार झाला. फ्रान्सनें आपलें सैन्य काढून घ्यावें, इटलीनें पोपच्या मुलखास उपद्रव देऊं नये, आणि या वचनाची खूण म्हणून राजधानी तुरिनहून दुसरीकडे न्यावी, असें ठरलें. त्याप्रमाणें इ. स. १८६५ मध्यें आर्नो नदीच्या काठचें फ्लॉरेन्स हें राजधानी झालें. व्हिक्टर इमॅन्युएल राजा पिट्टी नांवाच्या वाड्यांत राहूं लागला. जुन्या नगरवाड्याच्या मोठ्या दिवाणखान्यांत लोकसभा भरूं लागली. ज्युसेप्पे पोज्जी या वास्तुकारानें शहराभोंवतालचा जुना तट बहुतेक पाडून त्या जागीं रुंद रस्ते काढिले, आणि समोरच्या टेकडीवर मायकेल अँजेलोच्या नांवानें एक प्रशस्त चौक बांधिला. पुढें ता. २० सप्टेंबर १८७० रोजीं इटलीच्या सैन्यानें रोम घेतलें, आणि इ. स. १८७१ मध्यें राजधानी तिकडे गेली. राजधानीचा मान गेला, पण रस्ते व तो चौक राहिला. आजही प्रवासी सायंकाळीं त्याच चौकांत उभा राहून शहर पाहतो.

याच इ. स. १८७० सालीं कोल्हापूरचे दुसरे राजाराम महाराज युरोपच्या प्रवासास निघाले. त्यांचें वय अवघें वीस वर्षांचें होतें. समुद्र ओलांडणें निषिद्ध मानण्याचा तो काळ. तेव्हां हें धाडसच म्हटलें पाहिजे. इंग्लंडांत त्यांची व्हिक्टोरिया राणीशीं भेट झाली. दादाभाई नौरोजींसही ते भेटले. जें पाहावें तें इंग्रजींत रोजनिशींत टिपून ठेवावें, असा त्यांचा परिपाठ होता. परत येतांना फ्रान्स व प्रशिया यांच्यामध्यें घोर युद्ध चालू होतें. महाराज जर्मनी व आल्प्स पर्वत यांतून इटलींत उतरले. वाटेंत त्यांची प्रकृति बिघडली, आणि फ्लॉरेन्स येथें एका हॉटेलांत ता. ३० नोव्हेंबर १८७० रोजीं त्यांचें देहावसान झालें. जें शहर पाहावयास ते आले, तें त्यांस धड पाहतांही आलें नाहीं.

आतां त्या शहरापुढें एक कठीण प्रश्न उभा राहिला. महाराजांबरोबरच्या मंडळींस आपल्या धर्माप्रमाणें दहन करावयाचें होतें, आणि तें नद्यांच्या संगमावर व्हावें अशी त्यांची इच्छा होती. इटलींत मृतांस पुरण्याची चाल. दहनाची रीत तेथें अगदीं अपरिचित होती. मिलान शहरीं पहिलें दहनगृह निघालें तेंही पुढें इ. स. १८७६ मध्यें. अशा स्थितींत अधिकाऱ्यांनीं नकार दिला असता, तरी त्यांस कोणीं फारसा दोष दिला नसता. परंतु त्यांनीं परवानगी दिली. शहराच्या पश्चिमेस कासिने नांवाचें सुमारें साडेतीन किलोमीटर लांबीचें उद्यान आहे. त्याच्या टोंकाशीं मुन्योने नांवाचा ओढा आर्नो नदीस मिळतो. त्या संगमावर, दुसऱ्या दिवसाची पहांट होण्यापूर्वीं, एका मराठी राजाच्या देहास अग्नि देण्यांत आला.

इ. स. १८७४ मध्यें त्या जागीं स्मारक उभारलें गेलें. आपल्याकडे ज्यास छत्री म्हणतात तशा घाटाच्या छताखालीं महाराजांचा अर्धपुतळा आहे. पुतळा चार्ल्स फुलर या इंग्रज शिल्पकारानें घडविला, आणि छत्रीची योजना मेजर मँट यांनीं केली. कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्यांनीं आंखला तेच हे मँट. फ्लॉरेन्सचे लोक या स्थळास "इंडियानो", म्हणजे हिंदी माणूस, असें म्हणतात. शंभर वर्षांनीं, इ. स. १९७८ मध्यें, जवळच आर्नोवर एक मोठा पूल पुरा झाला, त्यासही हेंच नांव मिळालें. महाराजांची रोजनिशी कॅप्टन वेस्ट यांनीं संपादून इ. स. १८७२ मध्यें लंडन येथें प्रसिद्ध केली. कोल्हापुरांत त्यांच्या नांवाचें राजाराम कॉलेज आहे.

आज फ्लॉरेन्सला जाणाऱ्यानें काय पाहावें, हेंही सांगितलें पाहिजे. जुनें शहर इतकें आटोपशीर आहे कीं तें पायींच पाहावें. प्रथम मुख्य देवालयाचा घुमट पाहावा. ब्रुनेलेस्की या कारागिरानें तो इ. स. १४२० ते १४३६ या काळांत बांधिला. एवढा मोठा घुमट खालून लांकडी सांगाड्याचा आधार न देतां उभारतां येईल, यावर प्रथम कोणाचा विश्वास बसेना. त्यानें विटा एकमेकींत गुंतवून रचिल्या, त्यामुळें प्रत्येक थर पुरा होतांच स्वतःचा भार स्वतः पेलूं लागला. ४६३ पायऱ्या चढून वर जातां येतें. तेथून थोड्या अंतरावर जुना नगरवाडा आहे. त्याच्या दारांत मायकेल अँजेलोनें इ. स. १५०४ मध्यें पुरा केलेला डेव्हिडचा पुतळा उभा असे. महाराज आले तेव्हां तो तेथेंच होता, इ. स. १८७३ मध्यें तो आंत हलविला, व आज नगरवाड्यापुढें त्याची प्रतिकृति आहे. पुढें नदीवर सोनारांच्या दुकानांचा जुना पूल लागतो. तो इ. स. १३४५ चा आहे. येथून नदीकांठानें पश्चिमेस चालत जावें, म्हणजे उद्यानाच्या टोंकाशीं आपली छत्री दिसते. टिपण घेऊन फिरणारा प्रवासी बहुधा येथवर येत नाहीं.

या शहराशीं मराठी माणसाचा दुसराही एक संबंध आहे. दुसऱ्या महायुद्धांत, इ. स. १९४४ च्या उन्हाळ्यांत, जर्मन सैन्य मागें हटतांना त्यानें आर्नोवरील जुना पूल सोडून शहरांतील बाकीचे सर्व पूल उडवून दिले. युद्धापासून रक्षण व्हावें म्हणून तेथील चित्रें आसपासच्या वाड्यांत नेऊन ठेविलीं होतीं. नैर्ऋत्येकडील माँतेगुफोनी येथील गढींत मराठा लाइट इन्फंट्रीच्या एका पलटणीचा तळ पडला, तेव्हां बॉटिचेल्लीचें "वसंत" हें जगद्विख्यात चित्र व इतर अनेक चित्रें तेथें सांपडलीं. या पलटणींत कोंकणांतले व देशावरचे शेतकऱ्यांचे मुलगे असत. ज्या शहरानें आपल्या राजास संगमावर अग्नि दिला, त्या शहराचें धन कांहीं दिवस आपल्या जवानांच्या छावणींत सुरक्षित राहिलें. हा योगायोगच होय. पण चित्रशाळेंत त्या चित्रापुढें उभें राहणाऱ्या मराठी मुलानें तो जरूर आठवावा.

आतां आपण घरीं येऊं. आपल्या रत्नागिरींतही एका परदेशी राजाची समाधि आहे. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याचें राज्य इ. स. १८८५ मध्यें इंग्रजांनीं घेतलें व त्यास येथें बंदींत ठेविलें. राजाराम महाराज पाहुणे म्हणून गेले होते. थिबास बळेंच आणिलें होतें. येथेंच इ. स. १९१६ मध्यें तो वारला. त्याचा राजवाडा आपण येतांजातां पाहतों. समाधीपाशीं मात्र आपल्यापैकीं कितीजण गेले असतील? इ. स. २०१२ मध्यें त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन दूरवरून येऊन त्या समाधीस वंदन करून गेले. छत्रीपुढें उभें राहिल्यावर आपल्या मनास जें वाटेल, तेंच येथें त्यांस वाटलें असेल.

म्हणून विद्यार्थ्यांस एवढीच विनंति कीं, युरोपला जाण्याची वाट पाहूं नये. येत्या रविवारीं एक वही घ्यावी, थिबाच्या समाधीपाशीं जावें, आणि जें दिसेल तें वीस वर्षांच्या त्या महाराजांप्रमाणें लिहून काढावें. तेथें गवत वाढलें असेल तर तेंही लिहावें, आणि जमल्यास उपटावें. पुढें कधीं फ्लॉरेन्सला जाण्याचा योग आला, तर त्या छत्रीपुढें मान लववितांना आपणांस खालीं पाहावें लागणार नाहीं.