घाटेअळीचा विषाणू आणि मानवी पेशीचे परिवाहक

धाराशिव जिल्ह्यात हरभरा घाट्यावर आला, की घाटेअळीच्या बंदोबस्तासाठी एचएएनपीव्ही नावाचे जे द्रावण, उन्हाने त्याचे तेज हरपू नये म्हणून, नीळ मिसळून सायंकाळी फवारावे असे कृषितज्ज्ञ सांगतात, त्यात कीटकांना मारक असे विषाणू असतात, हे कळंब-वाशीकडील पुष्कळ शेतकऱ्यांना ठाऊक आहे. बाधित अळ्या शेंड्याशी उलट्या लटकलेल्याही त्यांनी पाहिल्या असतील. मात्र याच बॅक्युलो कुळातील एका विषाणूला संशोधकांनी चाळीस वर्षांपूर्वी मानवी जनुकांच्या चाकरीस लावले, ही हकिकत शिवारापर्यंत क्वचितच पोहोचते.

अळीच्या देहात हा विषाणू पॉलिहेड्रिन नामक प्रथिन विपुल प्रमाणात घडवितो आणि त्याच्या स्फटिकांत दडून पुढच्या अळीची वाट पाहतो. काचपात्रातील पेशींत या आश्रयाची गरज नसते, हे हेरून १९८३ साली टेक्सासमध्ये गेल स्मिथ, मॅक्स समर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रथिनाच्या प्रवर्तकाच्या, म्हणजे जनुक चालू करणाऱ्या डीएनए-तुकड्याच्या, हुकमतीखाली मानवी इंटरफेरॉनचे जनुक बसविले आणि कीटकपेशींनी ते प्रथिन निमूटपणे तयार करून दिले. या पेशी कोणाच्या? २०१८ साली कर्नाटकात प्रथम आढळून पुढे महाराष्ट्रातील मक्याचा फडशा पाडणाऱ्या अमेरिकन लष्करी अळीच्या कोषातील अंडाशयाच्या! शत्रूचा असा उपयोग शेतकऱ्याला कदाचित रुचणार नाही; विज्ञानाला मात्र रुचला.

आता परिवाहकांकडे वळू. पेशीच्या पटलावर जकातनाक्यासारखी बसलेली ही प्रथिने, कोणत्या पदार्थास आत घ्यावे आणि कोणास बाहेर घालवावे, याचा कारभार पाहतात. मधुमेहावरचे मेटफॉर्मिन यकृतपेशीत शिरते ते मुख्यत्वे ओसीटी-१ या परिवाहकाच्या द्वारे. उलट १९७६ साली जुलियानो व लिंग यांनी शोधलेले पी-ग्लायकोप्रोटीन कर्करोगाच्या पेशीत शिरलेले औषध बाहेर फेकते. स्वाभाविक ऊतीत असे अनेक परिवाहक एकाच वेळी राबत असल्याने कोणाचे काम कोणते, याचा निवाडा होत नाही. म्हणून एकच मानवी परिवाहक मुबलक असलेले पटल हवे. जिवाणूंत पटलात गुंफलेली अशी गुंतागुंतीची प्रथिने नीट घडवणे अवघड. येथे बॅक्युलो विषाणू कामी आला: सार्काडी प्रभृतींनी १९९२ साली त्याच्या साह्याने कीटकपेशींत हे पी-ग्लायकोप्रोटीन निर्माण करून, औषध मिळताच ते एटीपी नामक ऊर्जाद्रव्य कसे खर्च करते, हे मोजून दाखविले. औषधांची पारख करण्याचा एक मार्ग त्यामुळे खुला झाला.

कीटकपेशीच्या पटलात कोलेस्टेरॉल अल्प असते, आणि काही परिवाहकांचे काम त्यावाचून मंदावते. अशा वेळी विषाणूत सस्तन प्राण्यांच्या पेशींत चालणारा प्रवर्तक बसवून, त्याला थेट मानवी पेशींत धाडण्याची बॅकमॅम नावाची पद्धत उपयोगी पडते: तेथे विषाणूची स्वतःची वंशवृद्धी होत नाही, बोलते ते केवळ त्याने वाहून नेलेले जनुक. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील सुरेश अंबुडकर व सहकाऱ्यांनी २०१२ साली परिवाहकांसाठी हीच पद्धत वापरल्याचे प्रसिद्ध केले. जनुक कायमचे वसवावयाचे असल्यास मात्र बहुधा लेंटिव्हायरससारखा दुसरा वाहक विषाणू हाती धरतात.

तुळजापूर-उमरग्याकडील महाविद्यालयांतील विज्ञानशिक्षकांना एक विनंती आहे: यंदा हरभऱ्याच्या रानातून एखादी विषाणूबाधित अळी आणावी, तिच्या रसाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा आणि पॉलिहेड्रिनचे चमकदार स्फटिक विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखवावेत, त्यासाठी साधा प्रकाश-सूक्ष्मदर्शक पुरतो.