हवेच्या ओझ्याखालचे पाणी

शाळेच्या भूगोलात वातावरण आणि जलावरण ही दोन वेगळी प्रकरणे असतात. एकात नायट्रोजन ७८ टक्के, ऑक्सिजन २१ टक्के. दुसऱ्यात महासागर, नद्या, हिमनद्या, भूजल. परीक्षेपुरते हे ठीक आहे, पण पाणी ही हद्द जुमानत नाही. वाफ झाले की ते वातावरणात जमा, थेंब होऊन पडले की जलावरणात. हवेतला त्याचा मुक्काम सरासरी नऊ-दहा दिवसांचा, समुद्रातला हजारो वर्षांचा. या घडीला हवेत असलेली सगळी वाफ एकदम कोसळली, तरी पृथ्वीभर जेमतेम अडीच सेंटिमीटर पाणी साचेल. जुलैत कोकणात एवढा पाऊस एखाद्या तासातही पडून जातो.

वजनात तर बरोबरीच नाही. महासागर सगळ्या वातावरणाच्या सुमारे २७० पट जड आहेत. हवा एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी समुद्राचा वरचा तीनेक मीटरचा थरच पिऊन टाकतो. हरितगृह वायूंमुळे अडकलेल्या जादा उष्णतेतली जवळजवळ ९० टक्के समुद्राच्या पोटात गेली आहे, ती यामुळेच.

एवढा धनाढ्य समुद्र, पण जगतो हलक्या हवेच्या मेहेरबानीवर. महाबळेश्वरला पाणी १०० ऐवजी ९५-९६ अंशांनाच उकळते, कारण उंचीवर हवेचा दाब कमी. मंगळावर हा दाब सरासरी अवघा ६ मिलिबार. आपल्याकडे समुद्रसपाटीला तो १०१३ असतो. इतक्या कमी दाबात बर्फ वितळण्याचा आणि पाणी उकळण्याचा अंश जवळजवळ एकच होतो, त्यामुळे द्रवरूप पाण्याला टिकायला जागाच उरत नाही. पर्सिव्हरन्स रोव्हर २०२१ मध्ये जेझेरो विवरात उतरला, तिथे मात्र प्राचीन नदीचा त्रिभुज प्रदेश स्पष्ट दिसतो. तेव्हा मंगळाची हवा दाट असणार. पुढे ग्रहाचे चुंबकीय क्षेत्र विझले, सौरवाऱ्याने हवा हळूहळू ओरबाडून नेली आणि पृष्ठभागावरच्या पाण्याचाही आधार गेला.

मग हवा भरपूर असली की झाले? शुक्राकडे पाहा. तिथला दाब आपल्या नव्वद पटींहून अधिक, हवेत ९६ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि तापमान सुमारे ४६५ अंश. शुक्रावरच्या हायड्रोजनात ड्युटेरियम या जड भावंडाचे प्रमाण पृथ्वीच्या शंभर पटींहून जास्त आहे. हलका हायड्रोजन अवकाशात निसटला, जड मागे राहिला. म्हणजेच एके काळी तिथे आजच्यापेक्षा कितीतरी अधिक पाणी होते. त्याचे समुद्र झाले की ते वाफ म्हणूनच राहिले, यावर शास्त्रज्ञांचा वाद चालू आहे.

आपले पाणी असे का निसटत नाही? माझ्या मते पृथ्वीच्या रचनेतली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच. वर जावे तशी हवा थंड होते आणि दहा-पंधरा किलोमीटरवर पारा उणे ५० ते उणे ८० अंशांपर्यंत उतरतो. तिथे पोहोचणारी बहुतेक वाफ गोठते आणि खाली परतते. त्यापलीकडे अतिनील किरण पाण्याचे रेणू फोडायला बसलेले असतात, पण त्यांच्या तावडीत फारच थोडे पाणी सापडते. पाठ्यपुस्तकात या थराला तपस्तब्धी म्हणतात आणि विद्यार्थी ते नाव पाठ करून विसरतात.

गुरूचा चंद्र युरोपा मात्र या सगळ्या हिशेबाला अपवाद आहे. त्याच्याभोवती हवा नावापुरतीच, पण बर्फाच्या जाड कवचाखाली पृथ्वीवरच्या सर्व महासागरांहून अधिक पाणी असावे, असा अंदाज आहे. तिथे हवेचे काम बर्फ करतो, तर ऊब येते ती गुरूच्या गुरुत्वाकर्षणाने होणाऱ्या सततच्या ताणाताणीतून. हे पाहायला निघालेले ‘युरोपा क्लिपर’ यान १४ ऑक्टोबर २०२४ रोजी झेपावले असून ते २०३० मध्ये गुरूजवळ पोहोचणार आहे.