नव्या टाक्यातील मासे आणि अमोनियाची बाधा

महाड आणि पोलादपूर या तालुक्यांत भातशेतीला जोड म्हणून घरामागे सिमेंटचे टाके बांधून शोभिवंत मासे वाढविण्याचा उद्योग थोड्या जागेत व थोड्या भांडवलात करता येण्यासारखा आहे. गप्पी, मोली, प्लॅटी यांसारखे पिले घालणारे मासे नवशिक्यालाही सांभाळता येतात. परंतु या धंद्यात पहिलाच घाव पुष्कळांना नव्या टाक्यापाशी बसतो. टाके स्वच्छ धुतलेले असते, पाणी आरशासारखे नितळ असते, मासेही सोडताना टवटवीत असतात. पाचव्या-सहाव्या दिवशी मात्र ते पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडू लागतात, खाणे सोडतात आणि एकामागून एक मरतात. ‘टाके लाभले नाही’ असे म्हणून माणसे हा नाद सोडून देतात. वस्तुतः यात लाभण्या-न लाभण्याचा प्रश्न नाही. हे मरण अमोनियाचे असते आणि ते टाळता येते.

अमोनिया येतो कोठून?

खाद्यातील प्रथिने पचल्यावर उरणारे नत्र मासे मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने पाण्यात सोडतात. उरलेले खाद्य व विष्ठा कुजूनही अमोनिया तयार होतो. नदीत तो वाहून जातो, टाक्यात तो साठतो.

जुन्या टाक्यात तो साठत नाही, याचे कारण तेथील भिंती, खडे व गाळणीचा स्पंज यांवर बसलेली बुळबुळीत साय. या सायीत सूक्ष्म जिवाणू राहतात. त्यांतील एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो व दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो. नायट्रेट माशांना फारसे बाधत नाही. आपण शेतात युरिया देतो तेव्हा जमिनीतही हेच कार्य चालते. रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखविले. ते सावकाश वाढतात, त्यामुळे नव्या टाक्यात त्यांची पुरेशी वस्ती होण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत अधिकही लागतात. दुधाला विरजण लागल्यावाचून दही होत नाही, तसेच टाक्याला हे विरजण लागल्यावाचून ते माशांच्या वस्तीला योग्य होत नाही.

सामूचे महत्त्व

पाण्यातील अमोनिया दोन रूपांत असतो. बद्ध रूप बरेच निरुपद्रवी, तर मुक्त रूप विषारी असते. कोणते रूप किती, हे मुख्यतः पाण्याच्या सामूवर व उष्णतेवर ठरते. समजा, ५०० लिटरच्या नव्या टाक्यात ३२ टक्के प्रथिनांचे खाद्य रोज १० ग्रॅम घातले. त्यापासून दिवसाला सुमारे ०.३ ग्रॅम अमोनियारूप नत्र पाण्यात येते. आठवड्यात ते लिटरमागे सुमारे ४ मिलिग्रॅम होते. पाणी २५ अंश सेल्सिअस असल्यास त्यातील मुक्त भाग असा असेल:

सामू ७ असता, लिटरमागे सुमारे ०.०२ मिलिग्रॅम;
सामू ८ असता, सुमारे ०.२ मिलिग्रॅम;
सामू ९ असता, सुमारे १.४ मिलिग्रॅम.

मुक्त अमोनिया ०.०२ मिलिग्रॅमच्या वर जाऊ न देणे हितावह असते. म्हणजे तेच खाद्य व तेच मासे असूनही सामू दोन अंकांनी वाढला की विष सुमारे साठपट होते. नव्या सिमेंटमधून चुना सुटत राहतो आणि पाण्याचा सामू वर नेतो. म्हणून नवे सिमेंटचे टाके काचेच्या पेटीपेक्षाही अधिक धोक्याचे असते.

चुन्याची चूक

येथे प्रस्तुत लेखकाची एक चूक सांगणे आवश्यक वाटते. पोलादपूर तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबाने जुन्या लहान टाक्यातील मासे नव्या टाक्यात हलविले आणि जुने टाके शेवाळलेले म्हणून घासून कोरडे केले. सहाव्या दिवशी मासे वर येऊ लागले तेव्हा त्यांनी मला विचारले. आपल्याकडील जांभ्या जमिनी आम्लधर्मी असल्याने चुन्याची शिफारस करणे माझ्या अंगवळणी पडले होते. पाणीही आम्ल झाले असावे असे गृहीत धरून, सामू न मोजताच मी चुन्याची निवळी घालण्यास सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी बहुतेक मासे मेलेले होते. घरच्या बाईंनी दोन वर्षे जपलेले प्रजनक मासेही त्यांत गेले. मागाहून शेजारच्या जोडटाक्यातील, चुना न घातलेल्या पाण्याचा सामू पाहिला, तो ९ च्या जवळ होता. जमिनीचा उपाय पाण्याला मोजमापाविना लावल्याचे हे फळ होते.

टाके तयार करण्याची रीत

१. सिमेंटचे नवे टाके पाण्याने भरून ठेवावे व दर तीन-चार दिवसांनी पाणी बदलावे. असे दोन ते तीन आठवडे करावे. सामू ८ च्या खाली येऊन टिकेपर्यंत पुढे जाऊ नये.

२. नळाच्या पाण्यातील क्लोरीन मासे व जिवाणू दोहोंना मारक आहे. असे पाणी उघड्यावर किमान २४ तास ठेवून, ढवळून मगच वापरावे.

३. निरोगी जुन्या टाक्यातील खडे अथवा गाळणीचा स्पंज न धुता नव्या टाक्यात ठेवावा आणि हवा पंप सुरू करावा. हेच विरजण होय.

४. रोज चिमूटभर खाद्य टाकून या जिवाणूंना अन्न पुरवावे. चाचणी-संचाने अमोनिया व नायट्राइट दोन्ही लागोपाठ काही दिवस शून्य आढळले म्हणजे टाके तयार झाले असे समजावे.

५. प्रथम एक चतुर्थांश मासे सोडावेत, उरलेले आठवड्या-आठवड्याच्या अंतराने सोडावेत. मासे पिशवीतून आणले असल्यास पिशवी पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी, मग मासे हातजाळ्याने काढून सोडावेत. पिशवीतील पाणी टाक्यात ओतू नये.

६. जुने टाके लगेच रिकामे करू नये. काही मासे त्यातच ठेवावेत, म्हणजे तेथील जिवाणू जगतात आणि अडचणीच्या वेळी आसरा राहतो.

बाधा झाल्यास

प्राणवायूच्या कमतरतेने मासे बहुधा पहाटे वर येतात आणि हवा दिल्यावर सावरतात. हवा पंप चालू असूनही ते दिवसभर वर राहिले व कल्ले लालभडक दिसले, तर अमोनियाचा संशय घ्यावा. कल्ले तपकिरी दिसल्यास नायट्राइटची बाधा समजावी.

अशा वेळी खाद्य दोन दिवस पूर्ण बंद करावे. मेलेले मासे व गाळ काढावा. रोज एक तृतीयांश पाणी बदलावे. नवे पाणी त्याच उष्णतेचे असावे व त्याचा सामू टाक्यातील पाण्याहून अधिक नसावा. हवा वाढवावी. नायट्राइट आढळल्यास लिटरमागे १ ग्रॅम साधे मीठ विरघळवून द्यावे. चुना, सोडा वा शेणखत मुळीच घालू नये. जुने टाके भरलेले असेल तर काही मासे तेथे परत न्यावेत.

आपल्या भागासाठी विशेष

या दोन्ही तालुक्यांत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि झऱ्यांचे पाणी मृदू असते. एक ग्रॅम अमोनियारूप नत्राचे नायट्रेट करताना जिवाणू पाण्यातील सुमारे ७ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी क्षारता खर्च करतात. त्यामुळे मुरलेल्या टाक्यातही पुढे सामू ६.५ च्या खाली उतरून जिवाणूंचे काम मंदावते व बद्ध अमोनिया नकळत साठतो. अशा पाण्यात एकदम चुना किंवा विंधनविहिरीचे जड पाणी घातले, तर तोच अमोनिया मुक्त होऊन मासे मारतो. त्याऐवजी आधी मृदू पाण्यानेच थोडे थोडे पाणी बदलून साठलेला अमोनिया कमी करावा, मग गाळणीत शिंपल्यांचे मूठभर तुकडे ठेवावेत. ते हळूहळू विरघळून सामू सावरतात.

चैत्र-वैशाखात डोंगरवाड्यांवर पिण्याच्या पाण्याचीच चणचण असते. रोज टाक्याचे पाणी बदलणे तेव्हा शक्य नसते. म्हणून नवे टाके आश्विन-कार्तिकात, झऱ्यांना पाणी असताना भरावे व उन्हाळ्यापूर्वी ते पुरते मुरवून घ्यावे. बदललेले पाणी वाया न घालविता परसातील भाजीला द्यावे, त्यातील नत्र पिकाला उपयोगी पडते. टाक्याला मीठ दिले असल्यास मात्र ते पाणी भाजीला घालू नये.

ग्रामकार्यकर्त्यांनी सामूदर्शक कागद व अमोनिया चाचणी-संच जवळ बाळगावा आणि मोजल्यावाचून सल्ला देऊ नये. शेतकरी बंधुभगिनींनी इतकेच लक्षात ठेवावे की, नितळ पाणी म्हणजे तयार पाणी नव्हे. टाके आधी मुरू द्यावे, मासे मागाहून सोडावेत.