शिलाई देश बदलते तेव्हा

मजुरी वाढू लागली की कपड्यांच्या धंद्यातली सर्वात आधी देश सोडते ती शिलाई. सूतकताई आणि विणकाम यंत्रांनी केव्हाच ताब्यात घेतले. कापड मात्र लुळे, निसटणारे. कॉलर बसवायला, बाही जोडायला आजही शिवणयंत्रापुढे माणूस लागतोच. पण स्वस्त मजूर तर कितीतरी देशांत होते. कारखाने बांगलादेशात का गेले, याचे उत्तर निव्वळ मजुरीत सापडत नाही.

१९७४ पासून मल्टी-फायबर करारानुसार श्रीमंत देश मोठ्या निर्यातदार देशांना कपड्यांचा कोटा ठरवून देऊ लागले. दक्षिण कोरियाकडे कसब होते, गिऱ्हाईक होते, पण कोट्याने हात बांधलेले. बांगलादेशावर तेव्हा अशी मर्यादा नव्हती. म्हणून कोरियाच्या देवू कंपनीने १९७८ मध्ये चितगावच्या देश गारमेंट्सशी करार केला. १९७९ मध्ये १३० बांगलादेशी कामगार आणि पर्यवेक्षक बुसानच्या कारखान्यात सहा महिने शिकून आले. पुढच्या काही वर्षांत त्यांतल्या ११५ जणांनी नोकरी सोडली. कुणी दुसऱ्या कारखान्यात गेले, कुणी स्वतःचा काढला. बांगलादेशाच्या तयार कपड्यांच्या उद्योगाचे खरे बियाणे ही माणसे होत.

भांडवलाचा प्रश्न बँकांनी सोडवला. परदेशी खरेदीदाराचे पतपत्र, म्हणजे त्याच्या बँकेची पैशाची हमी, तारण धरून त्याच्याच आधारावर कापड मागवण्यासाठी दुसरे पतपत्र मिळू लागले. बॉन्डेड गोदामात उतरलेल्या या कापडावर आयातशुल्क नव्हते. त्यामुळे हाती फारसा पैसा नसतानाही मोठी ऑर्डर घेता येऊ लागली.

२००५ च्या आरंभी कोटा संपला. आता सगळे काम चीन खेचून नेणार, असा अनेकांचा होरा होता. तो चुकला. तोवर बांगलादेशात लाखो हात तयार झाले होते, तिथल्या मालाला युरोपात २००१ पासून शुल्कमाफी होती आणि पुढे चीनमधली मजुरीही वाढत गेली.

या वाढीची किंमत भयंकर होती. एप्रिल २०१३ मध्ये ढाक्याजवळच्या सावर इथल्या राणा प्लाझा या बहुमजली इमारतीच्या खांबांना तडे गेले. खालची बँक आणि दुकाने बंद झाली; वरच्या मजल्यांवरच्या शिलाई कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी, २४ एप्रिलला, कामावर बोलावण्यात आले. इमारत कोसळून ११०० हून अधिक माणसे मेली. त्यानंतरच इमारत आणि अग्निसुरक्षेचा कायद्याने बंधनकारक करार झाला. हजारो मैलांवरून ऑर्डर देणाऱ्या दोनशेहून अधिक ब्रँडांनी त्यावर सह्या केल्या आणि आपल्या पुरवठादारांचे कारखाने स्वतंत्र अभियंत्यांकडून तपासून घेण्याचे मान्य केले.